शून्य रुंदीची जागा

माझ्या मामाच्या मालकीची जगात एकच जागा होती. ती चार फूट लांब होती आणि तिला रुंदी नव्हती. रुंदी कमी होती असं नाही, नव्हतीच. कागदावर कोर्टाचा शिक्का होता, मालक म्हणून मामाचं नाव होतं आणि क्षेत्रफळाच्या रकान्यात शून्य लिहिलेलं होतं. ही जागा त्याच्याकडे कशी आली, ते सांगते.

मामा नगरपालिकेच्या मोजणी कचेरीत एकतीस वर्षं होता. पोलादी टेप कायम उजव्या खिशात, त्यामुळे पँट उजवीकडे ओढलेली, आणि तोल सावरायचा म्हणून तो स्वतः डावीकडे कललेला. कचेरीत त्याला ‘टेप’च म्हणत. लग्न झालं नाही, राहायला आमच्याकडेच. एकदा मुलगी बघायला गेला होता, तेव्हा पोहोचल्यापासून समोरच्या भिंतीकडे बघत बसला आणि निघताना मुलीच्या वडिलांना म्हणाला, “भिंत वरच्या अंगाला पाऊण इंच बाहेर गेलीय, बरं का.” स्थळ मोडलं. भिंत मात्र त्यांनी पाडून सरळ करून घेतली, आणि मामाला त्याचंच समाधान.

त्याच्या कामाची एक ख्याती होती. मामानं वाटण्या केल्या की तुकड्यांची बेरीज मूळ जागेइतकी यायची. इतरांच्या नकाशात कुठे हातभर जमीन गायब व्हायची, कुठे वितभर जास्त उगवायची. मामाच्या नकाशात कधीच नाही. म्हणून त्या दोघी बहिणींचं प्रकरण कोर्टातून आलं, तेव्हा साहेबांनी ते डोळे मिटून मामाच्या टेबलावर ठेवलं.

दोघी बहिणी एकाच मजल्यावर राहायच्या. थोरली शॉर्टहँड आणि टायपिंगचे वर्ग चालवायची. धाकटी विग बनवायची. मजल्याच्या एका टोकाला थोरलीच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला धाकटीच्या. दोघींची स्वयंपाकघरं वेगळी, जिनेही वेगळे. दोघींना जोडणारा एकच पॅसेज होता, सतरा फूट लांब, चार फूट रुंद, आणि भांडण त्याच्यावरूनच होतं. धाकटी तिथे लाकडी डोकी मांडून ठेवायची, विग चढवलेली, ओळीनं. त्या डोक्यांना डोळे नव्हते, तरी ती बघतायत असं वाटून थोरलीच्या विद्यार्थिनींची बोटं चुकायची. उलट थोरलीच्या सहा टाइपरायटरांच्या खडखडाटानं धाकटीच्या हातातली विगची जाळी थरथरायची. म्हणजे निदान तिचं तसं म्हणणं होतं.

दहा वर्षं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटी न्यायाधीशांनी तडजोड करायला लावली आणि मसुदा अर्थातच थोरलीनं लिहिला. त्यात तीन अटी होत्या. पॅसेजमधली कुठलीही जागा वाटणीबाहेर राहता कामा नये. कुठलीही जागा दोघींकडे जाता कामा नये. आणि प्रत्येकीचा वाटा त्याच्या कडेसकट तिला मिळायला हवा, म्हणजे जिथे तिची हद्द संपते ती शेवटची जागाही तिचीच असली पाहिजे. न्यायाधीशांनी वाचलं आणि म्हणाले, वा, किती स्वच्छ. आणि सही केली.

मामा पहिल्या दिवशी सकाळी दहाला गेला. आईला सांगून गेला होता, “जेवायला येतोच.”

पॅसेजची फरशी त्याला बघताक्षणी आवडली. बहिणींचे वडील कंत्राटदार होते आणि ती फरशी त्यांनी एका दमात ओतून घेतली होती. सतरा फुटांत एक सांधा नाही, एक भेग नाही. मामानं मधोमध माप घेतलं, खडूनं आडवी रेघ मारली आणि हात झटकले.

थोरली चष्मा पुसत आली. “या खडूच्या खाली जागा आहे की नाही?”

“आहे ना.”

“ती कुणाची?”

खडूची रेघ पाव इंच जाड होती. मामाला तिचं म्हणणं पटलं. त्यानं खडू पुसून दोरा ताणला. दोऱ्यालाही जाडी होतीच. मग धाकटीनं आपल्या पेटीतून एक लांब केस काढून दिला. तोही जाडच. मग मामा म्हणाला, “बाई, रेघ फक्त दाखवायला असते. खरी हद्द बिनजाडीची. ती आपण मनानं धरायची. तुम्ही थोरल्या, तेव्हा ती हद्द तुमच्याकडे देतो.”

थोरली खूश झाली. धाकटी नाही. ती हातात जाळी आणि आकड्याची सुई घेऊनच उभी होती. भांडतानाही तिचा हात थांबायचा नाही. एका दुपारच्या भांडणात कपाळापासून कानापर्यंतचे केस ओवून व्हायचे.

“मला माझी कड दाखवा,” ती म्हणाली.

मामानं फरशीवर टाचणी टेकवली. “ही.”

“टाचणी आणि त्यांची हद्द, यांच्या मध्ये जागा आहे?”

“आहे थोडी.”

“कुणाची?”

“तुमचीच.”

“मग ही कड कसली? पुढे घ्या.”

मामानं टाचणी पुढे घेतली. तिनं पुन्हा तेच विचारलं. त्यानं आणखी पुढे घेतली. टाचणी हद्दीला टेकवली तर ती जागा थोरलीची आणि नाही टेकवली तर मध्ये काहीतरी उरायचंच. मामा गुडघ्यांवर बसून संध्याकाळी पाचपर्यंत टाचणी सरकवत होता आणि जेवायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं हद्द धाकटीला देऊन पाहिली. आता टाचणी थोरलीच्या बाजूला आली, एवढाच फरक. तिसऱ्या दिवशी त्यानं मध्ये बोटभर पट्टी कुणालाच न देता सोडली, तर थोरलीनं पहिली अट मोठ्यानं वाचून दाखवली. चौथ्या दिवशी पट्टी दोघींना सामाईक दिली, तर तिनं दुसरी वाचली.

पुढच्या आठवड्यात त्यानं एका गवंड्याला नेलं. गवंडी म्हणाला, यात काय एवढं, यंत्रानं फरशी आरपार चिरू, फट पडली की दोन्ही बाजूंना आपापली कड तयार. हे ऐकून खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हातमोजे न काढता वर आले. “तुमच्या फरशीतली फट म्हणजे माझ्या छतातली फट,” ते म्हणाले. “या इमारतीत भोकं पाडायची तर ती मी पाडीन.” पण त्यांची गरजच नव्हती. दोघी बहिणी एकाच वेळी बोलल्या होत्या, “बाबांची फरशी कापायची नाही.” दहा वर्षांत त्या पहिल्यांदाच एकमतानं बोलल्या. मग लगेच दोघींनी तोंडं फिरवली.

मामा न्यायाधीशांकडे गेला. ते म्हणाले, “इतकी साधी वाटणी, आणि महिना झाला?”

“साहेब, अटी एकेकट्या अगदी बरोबर आहेत. तिघी एकत्र आल्या की जमत नाही.”

“तिघी? बहिणी तर दोन आहेत.”

“मी अटींबद्दल बोलतोय, साहेब. बहिणींचंही तेच.”

मुदत वाढवून मिळाली. त्यानंतर मामाला ती कल्पना सुचली, आणि तिच्यात त्याचे सात महिने गेले. दोनच तुकडे केले की मध्ये फट राहते, तर तुकडे जास्त करावेत. प्रत्येक तुकडा आपल्या दोन्ही कडांसकट. दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत नवा तुकडा घालायचा, त्याच्या दोन बाजूंना ज्या बारीक फटी राहतील त्यांत आणखी बारीक तुकडे, आणि असंच. विषम क्रमांक थोरलीचे, सम धाकटीचे. काम चालू ठेवलं की फटी कधीतरी संपतीलच, असा त्याचा हिशेब.

त्यानं वही घातली. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, सुरुवात, शेवट. फरशीवर चिठ्ठ्या चिकटायला लागल्या. आधी बोटाएवढ्या, मग तांदळाएवढ्या, मग भिंगातून दिसतील एवढ्या. मामाच्या जाड बोटांना ते जमेना, तेव्हा धाकटी आपल्या सुईनं चिठ्ठ्या बसवून द्यायला लागली. वहीतलं अक्षर वाचता येईना, तेव्हा थोरली रोजची यादी टाइप करून द्यायला लागली, चार प्रतींत. दोघी मामाच्या दोन बाजूंना पॅसेजमध्ये मांडी घालून बसायच्या.

“मोजणीदार, त्यांना सांगा, दोन हजार चौदाची चिठ्ठी तिरकी लागलीय.”

“मोजणीदार, त्यांना सांगा, चष्मा तिरका आहे.”

मामा सांगायचा. दोन्ही निरोप, शब्दशः. मी एकदा त्याचा डबा पोचवायला गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. तिघं जण एका फरशीवर वाकून बसलेली, भिंतीशी चोवीस लाकडी डोकी ओळीनं मांडलेली, आणि कुणी शिंकलं तर चिठ्ठ्या उडतील म्हणून तिघांच्या नाकाला रुमाल बांधलेले. मला वाटलं शस्त्रक्रिया चाललीय.

तीन हजार एकशे बारावा तुकडा बसवला त्या दिवशी धाकटीकडे एक बाई आल्या. त्या कॉलेजात गणित शिकवायच्या. केस विरळ झाले म्हणून विग करायला टाकला होता आणि डोक्याचं माप द्यायला आल्या होत्या. जाळी डोक्यावर चढवून घेऊन त्या पॅसेजमध्ये आल्या, चिठ्ठ्यांकडे बघितलं आणि विचारलं, “हे काय चाललंय?”

मामानं सांगितलं. गणिताच्या बाई खुर्ची ओढून बसल्या.

“हे होणार नाही हो,” त्या म्हणाल्या.

“वेळ लागेल, पण होईल.”

“वेळ कितीही द्या. तुमची यादी कधीच न संपणारी आहे असं धरू. एक, दोन, तीन, अशी पुढे कायमची. तरी होणार नाही.”

थोरलीचं टायपिंग थांबलं.

“पहिला आणि दुसरा तुकडा बघा,” बाई म्हणाल्या. “मध्ये फट आहे ना? यादीत पुढे सरका. त्या फटीत बसणारा सगळ्यात आधीचा तुकडा कुठला? हा, पाचवा. बसू दे. तरी पहिला आणि पाचवा यांच्या मध्ये फट उरली. मी त्या लहान फटीत शिरते. आता तिच्यात बसणारा पुढचा तुकडा आणा. तो बसला तरी त्याच्या आणि पाचव्याच्या मध्ये आणखी लहान फट. मी तिच्यात शिरते. तुम्ही यादीतला एकेक तुकडा आणत राहा, मी आत आत जात राहते. फट लहान होते, पण फरशी अखंड आहे, त्यामुळे मी गेले त्या वाटेवर निदान एक ठिकाण शेवटपर्यंत उरतंच. आणि त्या ठिकाणाला तुमच्या यादीत क्रमांक नसतो. पहिला नाही, दुसरा नाही, कोटीवाही नाही.”

“म्हणजे काहीतरी राहतंच,” मामा हळूच म्हणाला.

“अखंड वस्तूचे कडेसकट तुकडे यादी करून पाडता येत नाहीत. दोन नाही, शंभर नाही, न संपणाऱ्या यादीनंही नाही. एक मार्ग आहे. पॅसेजमधलं प्रत्येक ठिकाण म्हणजे एक स्वतंत्र तुकडा, स्वतंत्र मालकाचा. मग प्रत्येक तुकड्याची कड तो स्वतःच, आणि तिन्ही अटी पाळल्या जातात. फक्त तेवढ्या तुकड्यांना क्रमांक देता येत नाहीत. ते कुठल्याही यादीत मावत नाहीत.”

मामानं दोघी बहिणींकडे बघितलं. वारस दोनच होते.

त्या दिवशी तो दुपारीच घरी आला. टेप खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिला. खिसा रिकामा, तरी डावीकडेच कललेला. आईनं विचारलं, बरं नाही का. तो म्हणाला, “इतकी वर्षं माझी बेरीज बरोबर येत होती, ताई. कारण हद्द कुणाची, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.” चार दिवस त्यानं काही मोजलं नाही. आई घाबरली. तिनं मुद्दाम पडदे आखूड शिवले आणि त्याच्यासमोर लावले. त्यानं बघितलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी तो बहिणींकडे गेला, हार कबूल करायला. चिठ्ठ्या काढून टाकायला परवानगी मागितली. थोरली म्हणाली, मग हद्द माझ्याकडे ठेवा आणि विषय संपवा, त्यांना कड नाही मिळाली तर नाही. मामानं मान खाली घालून धाकटीला विचारलं, “बाई, चालेल? तुमच्या बाजूला शेवटची जागा नसेल. कितीही पुढे गेलात तरी आणखी पुढे थोडी तुमचीच असेल.”

धाकटीचा हात थांबला. मामानं तिचा हात थांबलेला त्या दिवशी प्रथमच पाहिला.

“म्हणजे माझा वाटा संपतच नाही?”

“नाही. सतरा फुटांच्या निम्म्यातच आहे, पण शेवटची जागा अशी नाही.”

“आणि त्यांचा?”

“त्यांचा हद्दीवर संपतो.”

“चालेल,” धाकटी म्हणाली. “चालेल काय, पळेल! बाबांच्या घरात माझा वाटा न संपणारा, आणि ह्यांचा संपलेला.” आणि ती हसत आत गेली, नव्या गिऱ्हाइकाला ही बातमी द्यायला.

तिसऱ्या दिवशी थोरलीनं मामाला कचेरीत फोन केला. तिला कड नको होती. तिचाही वाटा न संपणाराच पाहिजे होता.

“बाई, तुम्हीच ती अट घातली होती.”

“तेव्हा मला कड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कड म्हणजे संपणं. मी का संपू?”

मामानं ते सगळं न्यायाधीशांपुढे मांडलं. न्यायाधीश आता या प्रकरणात चांगलेच मुरले होते. आपल्या टेबलाच्या मधोमध बोट ठेवून तासन्‌तास बसतात, असं शिपाई सांगायचा. त्यांनी तिसरी अट काढली आणि तिच्या जागी लिहिलं, दोघींपैकी कोणाच्याही वाट्याला मधल्या बाजूस शेवट असणार नाही. मग पेन खाली ठेवलं. “पण मग ती हद्द? ती आता कुणाचीच नाही. पहिली अट मोडते.”

“मोडते, साहेब.”

“ती तिसऱ्याच कुणाला तरी द्यावी लागेल. दोघींना चालेल असा माणूस आहे का कुणी?”

दोघी बहिणी कोर्टात लांब लांब बसल्या होत्या. दोघींनी एकाच वेळी मामाकडे बोट दाखवलं.

अशी ती जागा मामाची झाली. गणिताच्या बाईंना कळलं तेव्हा त्या मामाला म्हणाल्या, “तिघांमध्ये कडेसकट वाटा फक्त तुम्हाला मिळाला. तुमचा वाटा म्हणजे नुसती कडच.” मामानं तो कागद चौकटीत घालून घेतला. कचेरीत मालमत्तेचा वार्षिक तक्ता भरताना त्यानं ‘जागा: एक, क्षेत्रफळ: शून्य’ असं लिहिलं. वरून विचारणा आली, शून्य आहे तर कळवता कशाला? मामानं उत्तर पाठवलं, मालकी शून्य नाही.

रविवारी सकाळी तो आपली जागा बघायला जायचा. पहिल्या रविवारी अडचण आली. त्याच्या जागेवर त्याला उभं राहता येईना. बूट कसाही ठेवला तरी दोन्ही बहिणींच्या हद्दीत जायचा. थोरलीनं त्यावर लेखी परवानगी टाइप करून दिली, की श्री. मोजणीदार यांचे शरीर आमच्या बाजूस जेवढे येईल तेवढे येऊ द्यावे. धाकटीनं सही करून तिच्या बाजूचीही दिली. मग त्याच्यासाठी तिथे एक खुर्ची ठेवली, दोन पाय एकीकडे, दोन दुसरीकडे. मधून मामाची मालमत्ता गेलेली.

बहिणींना पलीकडे जायचं तर ती हद्द ओलांडावी लागायची, आणि ती परक्याची, म्हणून त्या विचारायच्या. “मोजणीदार, जाऊ का?” मामा म्हणायचा, “जा.” आधी त्या त्याच्यामार्फतच बोलायच्या. मग मामाला मध्येच खोकला आला की एकीचं उत्तर दुसरीला थेट जायचं. मग त्या खोकल्याची वाट बघेनाशा झाल्या. काही वर्षांनी अशी वेळ आली की दोघी त्याच्या डोक्यावरून तासभर बोलत बसायच्या आणि मामा चहाचा कप धरून गप्प. त्याला घाई नसायची. आमच्याकडे तो कधी इतका वेळ एका जागी बसला नाही.

धाकटीला एकदा टायफॉइड झाला. थोरली दिवसातून वीस वेळा पलीकडे जायची आणि प्रत्येक वेळी कचेरीत फोन. “जाऊ का?” “जा.” “परत येऊ का?” “या.” साहेबांनी विचारलं, कुणाचा फोन? मामा म्हणाला, माझ्या जागेतून रहदारी फार वाढलीय. दुसऱ्या दिवशी त्यानं कायमची परवानगी लिहून, शिक्का मारून नेऊन दिली. थोरलीनं ती घेतली आणि तरी फोन करत राहिली.

मामा एकाहत्तराव्या वर्षी गेला. आजारी पडला आणि दहा दिवसांत गेला. त्यानं फार काही मागे ठेवलं नव्हतं, पण ती जागा माझ्या नावावर केली होती. मी नर्स आहे. मला मोजणीतलं काही कळत नाही. महिन्याभरानं मी बहिणींकडे गेले. दोघी पार थकल्या होत्या, पण दारात दोघी एकदम आल्या.

मी पॅसेजमध्ये उभी राहिले. फरशी स्वच्छ पुसलेली. चिठ्ठ्या कधीच्या निघाल्या होत्या, कुठे खूण नव्हती. आणि खुर्ची कुणीतरी झाडताना हलवली होती.

“माझी जागा नेमकी कुठे आहे?” मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“इथे,” धाकटी पायानं दाखवत म्हणाली.

“काहीतरीच. इथे,” थोरली म्हणाली. तिचा पाय धाकटीच्या पायापासून चांगला वितभर लांब होता.

“तिथे कशी असेल? तिथे माझी डोकी असायची.”

“तुझी डोकी कायम माझ्या हद्दीत असायची, म्हणून तर कोर्टात गेले मी!”

मी म्हटलं, मामाची टेप घरी आहे, पुढच्या वेळी घेऊन येते. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. थोरली भिंतीला धरून खाली बसत होती, नीट बघायला, आणि धाकटी तिला दंडाला धरून बसवत होती.